जोड दिसला पाहिजे

जगात ज्या ज्या म्हणून वस्तू फुटू शकतात, त्या सगळ्या देवानं आपल्या एकट्याच्या जबाबदारीवर सोपवल्या आहेत, अशी माझ्या बायकोच्या मामांची पक्की समजूत आहे. ते इथं इंदूरच्या एका संग्रहालयात नोकरीला होते. संस्थानकाळातली विलायती काचेची झुंबरं, चिनी मातीच्या बरण्या आणि बश्या, चांदीच्या अत्तरदाण्या, शिसवी खुर्च्या अशा वस्तूंचं एक अख्खं दालन त्यांच्या ताब्यात होतं आणि त्यांच्या सबंध नोकरीत तिथं कशाचा टवकासुद्धा उडाला नाही. हे मी सांगत नाही, ते सांगतात. ओळख झाली की चहा यायच्या आत सांगतात. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण दालन काही सुटलं नाही, फक्त त्यातल्या वस्तू बदलल्या. स्नेहलतागंजमधलं त्यांचं दुसऱ्या मजल्यावरचं घर, घरातल्या कपबश्या, मामी आणि दर रविवारी मी, एवढे त्या दालनात आलो.

मी मूळचा सांगलीचा. पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. आठवड्याचे सहा दिवस बस, धूळ आणि साहेब यांच्यात जातात. सातव्या दिवशी माणसानं पंख्याखाली आडवं पडावं, एवढीच माझी आयुष्याकडून मागणी आहे. पण रविवारी मी नुकता आडवा होतोय तोच फोन वाजतो. "जावईजी, काय करून राहिले? काही खास नाही ना? मग या जरा, दोन हात कमी पडून राहिले." त्यांना नेहमी दोनच हात कमी पडतात आणि ते नेहमी माझेच असतात. बायको म्हणते, मामाजींना नाही कसं म्हणायचं? हा प्रश्न तिनं लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी विचारला होता. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

वस्तू उचलण्याचे त्यांचे नियम आहेत. आधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचं. कप कधीही कानाला धरून उचलायचा नाही, कारण कान हा कपाचा सगळ्यात कच्चा भाग; एक हात बुडाखाली आणि दुसरा अंगाला. आणि मुख्य म्हणजे वस्तू कुठे ठेवायची हे ठरल्याशिवाय ती उचलायचीच नाही. संग्रहालयात हे शोभून दिसत असेल. पण मामाजी ठेल्यावरच्या पोह्यांची कागदी बशीसुद्धा अशीच दोन्ही हातांनी खालून धरतात आणि मग खायला हात उरत नाही म्हणून माझ्याकडे बघतात. एकदा एका लग्नात सगळ्यांची जेवणं उरकत आली तरी हे रिकामं ताट छातीशी धरून मांडवाच्या मधोमध उभे. मी विचारलं, "मामाजी, जेवला नाहीत?" तर म्हणाले, "कसं जेवणार? ठेवायला जागा कुठे आहे? पहले जगह, फिर सामान." शेवटी मी त्यांच्यासाठी एक स्टूल शोधून आणलं आणि ते जेवेपर्यंत आइस्क्रीम संपलं.

मामी म्हणजे या सगळ्याच्या नेमक्या उलट. घाईच्या, बोलघेवड्या, एका हातानं फोडणी देता देता दुसऱ्या हातानं शेजारणीला खुणा करणाऱ्या. त्यांच्या हातून आठवड्याला काहीतरी फुटायचंच. स्वयंपाकघरातून आवाज आला की मामाजी असतील तिथून ओरडायचे, "कोणी हलू नका!" मग गुडघ्यांवर बसून शेवटची कपची वेचून होईपर्यंत घरातल्या माणसांनी जागच्या जागी उभं राहायचं. मी एकदा एक चप्पल घातलेली आणि एक हातात, असा दारात उभा होतो. आतून मामी सांगत होत्या, "अहो, कप होता, कोहिनूर नव्हता!"

फुटलेला कप त्या घरात कधी टाकला जात नसे. मामाजी तो स्वतः कालवलेल्या डिंकानं जोडत आणि वाळेपर्यंत तुकडे दाबून धरायचं काम अर्थातच माझं. जोडण्याचेही दोन नियम. पहिला, जोड दिसला पाहिजे. "लपवला तर ते झूठ झालं. बघणाऱ्याला समजायला पाहिजे की ही चीज एकदा फुटली होती." दुसरा, जोड सुटला पाहिजे. उद्या आपल्यापेक्षा हुशार कोणी आला, तर त्याला आपलं काम उलटवून नव्यानं करता आलं पाहिजे, हा संग्रहालयातला धर्म. काचेच्या कपाटात ठेवायच्या कपाला हे ठीक. पण मी मुलगी बघायला मामाजींच्या घरी गेलो, तेव्हा माझ्या हातात उकळता चहा भरलेला असाच एक कप आला. उष्णतेनं डिंक विरघळला आणि कपाचे तीन भाग शांतपणे तीन दिशांना गेले. चहा माझ्या नव्या पँटवर. मी ओरडायच्या आत मामाजी ओरडले, "हलू नका!" आणि माझ्या मांडीवरून तुकडे वेचून, उजेडाकडे धरून, समाधानानं म्हणाले, "सगळे सलामत आहेत. बघा, किती सफाईनं सुटला." त्यांना माझी पँट दिसलीच नाही. लग्न त्याच दिवशी ठरलं. मला वाटतं, मी जागचा हललो नाही हे त्यांना आवडलं असावं.

चांदीवरून त्या घरात दर दिवाळीला भांडण ठरलेलं. मामाजींचं म्हणणं, प्रत्येक वेळी घासलं की थोडी चांदी झिजते, म्हणून ती काळी पडली तर पडू द्यावी. मामी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दाराला आतून कडी घालून दंतमंजनानं तबक घासत. "चांदी जाऊन राहिली आहे!" मामाजी बाहेरून. "आणि न घासता माझी इज्जत जाऊन राहिली आहे, ती?" मामी आतून. पडद्यांचंही तेच. उजेडानं रंग उडतात म्हणून पडदे कायम ओढलेले आणि भर दुपारी मामी दिवा लावून तांदूळ निवडताहेत.

आणि मग ती खुर्ची. जुन्या सामानाच्या बाजारातून त्यांनी ती आणली होती. शिसवी, दणकट हातांची, वेताच्या बैठकीची, मागचा एक पाय मोडलेली. पाय त्यांनी आपल्या धर्माप्रमाणे जोडला आणि खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत पांढरी फीत बांधली. म्हणजे बसू नये. खोलीतली सगळ्यात सुंदर खुर्ची ती आणि आम्ही सगळे तिच्याभोवती प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. भर उन्हाळ्यात दोन मजले चढून आलेल्या माझ्यासारख्या थकलेल्या माणसाला ती फीत काय वाटत असेल, याचा त्या भल्या गृहस्थानं कधी विचार केला नाही. मामी म्हणायच्या, "मी मेल्यावर तरी बसवाल का हिच्यावर?"

मग मामींचे गुडघे गेले. पाठोपाठ डॉक्टरांनी सांगितलं की हाडं पार ठिसूळ झाली आहेत, आता पडायचं नाही. एकदा मोडलं तर जुळायची आशा कमी. डॉक्टरनं हे वाक्य नेमकं मामाजींच्या देखत बोलायला नको होतं. जोडता येणार नाही अशी वस्तू त्यांच्या ताब्यात पहिल्यांदाच आली होती. त्या दिवसापासून त्यांनी घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या, फरशीवरची चादर काढली आणि मामींना स्वयंपाकघरात जायची बंदी केली. जिना तर बंदच. मामी महिनोन्‌महिने खाली उतरल्या नाहीत. खिडकीचा पडदा बोटभर सरकवून रस्ता बघायच्या आणि मला म्हणायच्या, "जावईजी, मला आता कपाटात ठेवून कुलूप लावा एकदाचं."

त्यांच्या मुलानं शहराबाहेर राऊ गावाला तळमजल्यावर फ्लॅट घेतला होता. पुढे अंगण, एक पायरीसुद्धा नाही. तो सारखा बोलवत होता. मामाजी म्हणायचे, येणारच, पण सामान बांधून झालं पाहिजे. माझे त्या वर्षीचे सगळे रविवार त्या बांधाबांधीत गेले. एकेक बशी जुन्या धोतरात गुंडाळायची, त्यावर खूण करायची, पुढच्या रविवारी खूण पसंत नाही म्हणून सोडायची. मी स्टीलचे डबेसुद्धा गुंडाळले. "मामाजी, स्टील फुटत नाही." "फुटत नाही, पण पोचा तर पडतो ना, भिया?" माझी पाठ दुखायला लागली. मुलगा फोनवर चिडायचा, बाबांचा जीव वस्तूंत अडकलाय म्हणायचा. मलाही तसंच वाटत होतं. एका रविवारी मी पाणी प्यायला उठलो तर मामाजी जिन्याच्या वरच्या पायरीवर एकटेच उभे होते आणि खाली बघत होते. मला बघून म्हणाले, "सामान होऊन जाईल हो. पण हिला कसं उतरवायचं?" तेव्हा मला कळलं. ते बश्या बांधत नव्हते, तो जिना पुढे ढकलत होते. मला त्यांचा इतका राग यायचा, तो त्या पायरीवर गेला.

अखेर एका रविवारी टेम्पो आला. सगळं सामान उतरलं, राहिल्या मामी आणि ती खुर्ची. टेम्पोबरोबरचे दोघे हमाल चांगले धट्टेकट्टे होते. त्यातला एक म्हणाला, "टेंशन मत लो बाबूजी, माताजी को तो अभी उठा लेते हैं," आणि त्यानं मामींच्या काखेत हात घातला. मामाजी इतक्या जोरात ओरडले की खालचे शेजारी बाहेर आले. "हात काढ! असं उचलतात का? आधी कडं काढ, अंगठी काढ!" त्या बिचाऱ्यानं घाबरून हातातलं कडं काढून खिशात घातलं. मग मामाजी खुर्चीपाशी गेले, कात्री घेतली आणि ती पांढरी फीत कापली.

"बसा," ते मामींना म्हणाले.

मांडीवर सुटलेला तो कप मी विसरलेलो नव्हतो. मी हळूच म्हणालो, "मामाजी, मागच्या पायाचा जोड... तुमचा आहे ना?"

त्यांनी मान खाली घातली. "काल स्क्रू मारले मी त्यात. आरपार." जन्मभर जुन्या लाकडाला खिळा लागू न देणाऱ्या माणसानं हे चोरी कबूल केल्यासारखं सांगितलं. "लकडी खराब झाली. पण आता नाही सुटणार."

"कधीच नाही?" मामींनी विचारलं.

"कधीच नाही. बसा तुम्ही."

मामी बसल्या. दोघा हमालांनी बैठकीखालून धरलं, मी मागून पाठीला हात लावला आणि मामाजी पुढे उलटे, एकेक पायरी उतरत होते. हात पसरलेले, खुर्चीला न लावलेले. "आराम से. पहले जगह बघा. आता टेकवा. हात सोडू नका." प्रत्येक वळणावर त्यांनी आधीच गोधडी घालून ठेवली होती. मामी मात्र खुशीत. पहिल्या मजल्यावरच्या बाईला म्हणाल्या, "बघा, आमच्या ह्यांनी खुर्चीवर बसवलं एकदाचं!" खाली पोचलो, खुर्ची जमिनीला लागली आणि मामाजी शेवटच्या पायरीवर मट्‌कन बसले. हात अजून तसेच पसरलेले. ते रिकामे हात बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "काही फुटलं नाही," ते म्हणाले. कोणाला म्हणाले, कळलं नाही.

आता माझे रविवार राऊला जातात. बस बदलावी लागते, दमायला होतं, पण जातो. खुर्ची अंगणाकडच्या खिडकीत असते, मामी त्यात, पडदे उघडे. स्क्रूची डोकी चकाकतात. त्यांवर रंग लावायला मामाजींनी नकार दिला. दुरुस्ती दिसली पाहिजे. स्वयंपाक सून करते, न फुटणाऱ्या ताटवाट्यांत. मामींना आत कोणी जाऊ देत नाही.

परवा गेलो तेव्हा मामाजी डिंकाची बाटली उलटी करून हलवत होते. "गोंद वाळून गेला, जावईजी," ते म्हणाले. "काही फुटतच नाही इथे." सबंध नोकरीभर ज्या गोष्टीसाठी जिवाचं रान केलं, ती अशी हाती आलेली आणि त्यांचा चेहरा एवढासा. मामी ऐकत होत्या. त्यांनी सुनेला हाक मारली, "अगं, जावई आले आहेत, आमच्या जुन्या कपांत चहा दे."

चहा झाला. मामींनी रिकामा कप कानाला धरून उचलला, खुर्चीच्या हाताबाहेर नेला आणि तो पडला.

"कोणी हलू नका!"

सूनबाई दारातच थांबली. मामाजी गुडघ्यांवर बसले, एकेक कपची वेचायला लागले, उजेडाकडे धरायला लागले. आवाज पूर्वीसारखा झाला होता. "किती वेळा सांगितलं, कानाला धरू नका! ध्यान कुठे असतं तुमचं?" मामी खिडकीतून बाहेर अंगणाकडे बघत होत्या. मांडीवर ठेवलेला त्यांचा हात अगदी स्थिर होता.

"जावईजी, घड्याळ काढा," मामाजी म्हणाले. "दोन हात लागून राहिले."

मी घड्याळ काढून ठेवलं. त्यांनी नवा गोंद कालवला आणि अंधार पडेपर्यंत मी तो कान कपाला दाबून बसलो होतो. शेवटची बस निघून गेली असती तरी चाललं असतं.