हाली आणि कलदार

जिनात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. कापसाची तूस जशी न सांगता अंगावर बसते, तसे ते बसतात. मी हिंगणघाटच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होतो. पैनगंगेपलीकडच्या मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, कापसाच्या गाड्या आमच्याकडे येत. मुलूख देशात सामील झाला, तरी तिथे अजून निजामाचा रुपया चाले. तो हाली. आपला तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत.

आमचे हेडक्लार्क देवराव आणि तिकडचे गाडीवान करीमभाई जुने दोस्त. पण गाडी आली की चहाच्या टपरीवर या विषयावरून जुंपायचीच!

एकदा देवराव म्हणाले, "अरे, देश एक झाला, मंग नानं दोन काऊन?"

करीमभाई बशीतला चहा फुंकत म्हणाले, "देश एक झाला ना, देवराव? मंग सातचे सहा काऊन?"

त्या दिवशी चहाचे पैसे देवरावांनी मुकाट्याने दिले.

*

करीमभाईंच्या पोरीचं, जैबूनचं, लग्न हिंगणघाटच्याच मुलाशी ठरलं. निकाहाच्या वेळी मेहेरची, म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यायची, रक्कम ठरली आणि काझींनी विचारलं, "कौनसा सिक्का?"

करीमभाई ताठ मानेने म्हणाले, "हाली! हमारे में हालीच चलता."

मेहेर पोरीला मिळायचा. म्हणजे बाप स्वतःच्या हट्टापायी तिचंच नुकसान करत होता. नवऱ्याकडचे खूश! तेवढ्यात पडद्याआडून जैबूनचा स्पष्ट आवाज आला, "कलदार!"

मांडव हसून हसून लोळला. काझीसुद्धा हसले. करीमभाई तेवढे हसले नाहीत. पाठवणी झाल्यावर ते गाडीच्या चाकाला टेकून बसले होते. आम्ही जवळ गेलो.

"पोरगी माही," ते म्हणाले, "पन आता शिक्का तिच्या घरचा."

*

भीमाबाई आमच्याकडे कापसातला कचरा वेचायची. तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. पुढच्या उन्हाळ्यात नये पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. देवराव उत्साहाने सगळ्या बायांना समजावत होते.

भीमाबाईने ऐकून घेतलं. तिचा धाकटा त्याच महिन्यात तापाने गेला होता. तिसऱ्याच दिवशी ती कामावर हजर झाली होती.

"सायेब," ती म्हणाली, "धर्म बदलला, नानं बदललं. मजुरी तेवढी बदलाची राह्यली!"

देवरावांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा त्यांनी कुणाला नये पैसे समजावले नाहीत.

*

नये पैसे येण्याआधीची गोष्ट. हाली बंद व्हायची मुदत जवळ आली होती. देवरावांनी करीमभाईंचं डोकं खाल्लं. "बदलून घे बाबा! मुदत सरली का नुसती ढेकळं होतीन." शेवटी करीमभाई गेले आणि घरातला सगळा हाली देऊन आले. परत आले तेव्हा चेहरा असा, की जणू कुणाला तरी पोचवून आलेत.

त्याच आठवड्यात देवरावांची आई अखेरच्या दुखण्याला लागली. म्हातारीचं माहेर मोगलाईतलं. दिसत नव्हतं, पण शुद्ध पक्की. ती म्हणाली, "देवबा, तू झाला तवा माहेरच्या देवीले हाली रुपया बोलली होती मी. फेडला नाई. हातात दे माह्या, म्हंजे सुटते मी."

देवरावांनी नवा कोरा कलदार तिच्या मुठीत ठेवला. तिने बोटं फिरवली. "चारमिनार नाई याच्यावर. हा तिचा नोय."

देवराव भरदुपारी अनवाणी जिनात धावत आले. "करीम, एक हाली दे!"

करीमभाई म्हणाले, "अरे, तूच तं द्याले लावले! घरात एक नाई राह्यला."

मग ते उठले आणि आपल्या बैलाजवळ गेले. बैलाच्या कपाळपट्टीत शोभेसाठी शिवलेला एक रुपया होता. दातांनी टाके तोडून त्यांनी तो काढला, धोतराला पुसला आणि देवरावांच्या मागोमाग घरी आले. मीही होतो.

म्हातारीने रुपया चाचपला. चारमिनार लागला, तशी बोटं थांबली. तोंडावर हसू आलं, आणि गेलं.

"देवबा, लोक म्हनतेत हाली बंद झाला. आता चालते का रे हा?"

करीमभाई दाराशी उभे होते. देवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आईची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

"चालते, माय," ते म्हणाले. "तिकडं हालीच चालते."