हिरवळीवरचं हळदीकुंकू

सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा नवऱ्याने पहिलं काम केलं ते बाल्कनीला काचा बसवण्याचं. धूळ आत नको, एसीची हवा बाहेर नको. मी तशी धडधाकट बाई. कधी ताप नाही की खोकला नाही. पण वर्षभरात हाडं अशी ठणकायला लागली की जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागे. "एसीत बसून कसलं दुखतंय, यार?" नवरा म्हणायचा. दिल्लीने त्याला दिलेला हा 'यार' बहुधा माझ्यावरच खर्च व्हायचा.

तपासणीत ड जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी उन्हात बसा, मग बघू. मी इमानेइतबारे बाल्कनीत मटार सोलत पाठ शेकून घेतली. पुन्हा तपासलं तर आकडा जागचा हललेला नाही. "काचेतून ऊब येते, जीवनसत्त्व येत नाही," बाई म्हणाल्या. नवऱ्याचा चेहरा पडला. माझ्या नव्हे, काचांच्या काळजीने.

गच्चीला सोसायटीचं कुलूप. खाली हिरवळ होती, पण ती फक्त बघायची. जरा टेकलं की चौकीदार हजर: "मैडम, घास पर बैठना मना है."

मग संक्रांत आली. हळदीकुंकू मी भर दुपारी हिरवळीवरच मांडलं. सतरंजी, समई, तिळगूळ. चौकीदार तरातरा आला आणि समई पाहून त्याने चपला काढल्या. "पूजा है? बैठिए, बैठिए." देवाधर्माच्या आड येण्याची हिंमत आमच्या सोसायटीच्या नियमांत नव्हती. रथसप्तमीपर्यंत मी रोज कुणा ना कुणाला कुंकू लावत होते. पंजाबी, बंगाली शेजारणी स्वेटरच्या बाह्या वर सारून बसायच्या. त्यांचीही हाडं कुरकुरतच होती. माझी ही अचानक उफाळलेली भक्ती पाहून नवरा हबकला.

रथसप्तमी झाली आणि हळदीकुंकवाचे दिवस संपले. दुसऱ्या दिवशी मी नुसती सतरंजी घेऊन खाली गेले. चार किरणांसाठी देवाला मध्ये घालावं लागल्याचा मला मनापासून संताप आला होता.

"आज कौन सी पूजा है, मैडम?"

"कोई पूजा नहीं. मेरी हड्डियाँ दुखती हैं."

त्याने सतरंजीवर समई शोधली. "फिर तो उठना पड़ेगा, मैडम."

मी बाह्या वर केल्या आणि सतरंजीवर आडवी झाले.