नावाखालच्या दोन रेघा

चिखलीच्या एका बियाणं कंपनीत मी सगळी नोकरी कारकुनीत काढली. मागच्या महिन्यात तिथल्या संगणक विभागातल्या मुलीचा फोन आला. जुनं दप्तर स्कॅन करून क्लाउडवर चढवणं चालू होतं.

"काका, तुमच्या वहीत ‘निवड करणारा’ या रकान्यात नावाखाली सगळीकडे अकरा काऊन लिहिलं आहे?"

मला हसूच फुटलं. वरचंच नाव खालीही असलं की आम्ही दोन उभ्या रेघा ओढायचो. यंत्राने त्या अकरा म्हणून वाचल्या होत्या. मग आठवलं. त्यातल्या एका ओळीतल्या रेघा खोट्या होत्या.

"हात लावू नको बाई, मी येतो," म्हणालो आणि पहिली एसटी धरली.

गोष्ट तुरीची. चाचणीच्या वावरात एका साली मर रोगाने अख्खी ओळ वाळली, एकच झाड हिरवं राहिलं. निंदणाऱ्या एका बाईने ते हेरलं. कोणी उपटू नये म्हणून लुगड्याचा काठ फाडून त्याला बांधला आणि मला ओढतच दाखवायला नेलं. त्याच झाडापासून पुढे आमचं सर्वांत खपणारं वाण निघालं. मी तिचं नाव लिहायला पेन टेकवलं, तर साहेब म्हणाले, "मजूर बाईचं नाव कुठं वहीत राह्यते काय बे?" वरच्या ओळीत त्यांचं नाव होतं. मी खाली रेघा ओढल्या. साहेबांना बढती मिळाली. ते आता नाहीत. ती बाई धामणगाव बढ्याला लेकीकडे असते. तिचा नंबर मी कधीचा मिळवला होता, लावला नव्हता.

कंपनीतल्या पडद्यावर माझं पान झळकलं तेव्हा आनंदच झाला. अजून दुरुस्ती होत होती! मुलगी म्हणाली, एकदा मंजूर केलं की कुलूप. मी तिथूनच बाईला फोन लावला आणि कोण बोलतोय ते सांगितलं.

"जयभीम बाबू! कशी काय आठवण आली?"

"बाई, तुमचं नाव चढवून राह्यलो. पूर्ण सांगा."

तिने विचारलं, "तुरीचं काय?"

"तुरीचंच."

"मंग नीट लिहा. माह्या बापाचं बी टाका, नवऱ्याचं बी."

एकेक अक्षर विचारून मी टाइप केलं. मग ‘बदलाचे कारण’ असा चौकोन उघडला.

"यंत्राची चूक टाका ना काका," मुलगी म्हणाली. "पुढं कोणी विचारणार नाही."

खरंच कोणी विचारलं नसतं. मी ‘इतर’ निवडलं आणि लिहिलं : नाव माहीत असून मी लिहिलं नाही. वहीतल्या रेघा खोट्या आहेत. खाली स्वतःचं नाव घातलं. फोनवर बाईलाही ते वाचून दाखवलं.

"हाव," ती म्हणाली. "मले तवाच माहीत होतं. तुमच्या तोंडून आज आयकलं."

मुलीने मंजुरीचं बटण दाबलं आणि पानाचा फोटो बाईच्या नातीच्या मोबाइलवर पाठवला. पलीकडे नात ते खणखणीत आवाजात वाचू लागली.

"हळू वाच ना वं पोरी, सारी गल्ली आयकून राह्यली," ती ओरडली. मग लगेच म्हणाली, "नाही, वाच. मोठ्यानं वाच."