धोंड्याच्या महिन्यातली बाटली

दीपमालाचा फोन आला तेव्हा भगवानराव म्हशीला पाणी दाखवत होते. "आप्पा, ह्यांनी हो म्हणलंय. धोंड्याला येतेत," एवढंच पोरगी बोलली आणि त्यांच्या हातातली बादली कलंडली. म्हैस बिचकून मागं सरकली. भगवानराव ओल्या धोतरानंच घराकडं पळाले आणि अंगणातूनच ओरडले, "सरस्वती, जावई येतोय!"

सरस्वतीबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, डोळ्यांना पदर लावला आणि लगेच म्हणाल्या, "मग अनारशाचं तांदूळ आजच भिजाया टाकते."

अधिक महिन्यात जावई सासरवाडीला येणार, यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. या महिन्यात मुलखातले सगळे जावई येतात, तुपात बुडवून पुरणाचे धोंडे खातात, नवा पोशाख घालतात आणि ढेकर देत परत जातात. पण प्रविण हा जावई लग्न झाल्यापासून एकदाही हा उंबरा ओलांडून आत आलेला नव्हता. दिवाळीला दीपमाला एकटी यायची, एकटी जायची आणि शेजारीपाजारी काही विचारू नयेत म्हणून सरस्वतीबाई आधीच सांगून टाकायच्या, "त्यांना रजाच न्हाई भेटली."

खरं कारण भगवानराव स्वतः होते. बीडकडच्या पालीजवळच्या एका वाडीतले हे बागायतदार, माजी सरपंच आणि दारूचे कट्टर वैरी. गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर बायकांचं मतदान झालं, तेव्हा महिला मंडळाच्या साखराबाईंना पुढं करून ह्यांनी दारोदार फिरून आडवी बाटली निवडून आणली होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा, अशी ती निशाणी. दुकान बंद झालं आणि गाव त्यांना दारूबंदीचे अध्यक्ष म्हणायला लागलं. प्यायलेला कुणी सापडला तर त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीपुढचं पटांगण झाडायचं, हा नियमही त्यांचाच.

असा माणूस पोरीच्या लग्नात वऱ्हाड उतरलेल्या जानवशावर गेला आणि नवरदेवाच्या गादीखाली बाटली सापडली. झालं! भगवानरावांनी ती सगळ्या वऱ्हाडापुढं गटारात ओतली. "लगीन लावाया आलाय का ढोसाया आलाय, पिदाड्या?" असं नवरदेवाला तोंडावर विचारलं. प्रविण एक शब्द बोलला नाही. अक्षता पडल्या, तो जेवणाच्या पंगतीला न बसताच नवरी घेऊन गेला, तो गेलाच.

तोच आता येत होता. भगवानरावांना त्या दिवसापासून झोप कमी आणि कामं फार झाली.

पहिलं काम तिकिटाचं. "येण्याचा खर्च आमच्याकडं," असं त्यांनी पोरीला बजावून सांगितलं आणि बीडला ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. तिथला पोरगा संगणकावरून नजर न काढता म्हणाला, "पुण्याहून येणारी एक बी गाडी रिकामी न्हाई, काका. सगळे जावईच जावई. शेवटचं, चाकावरचं वरलं स्लीपर हाय. देऊ?"

"चाकावर? माझा जावई रातभर उड्या मारत येणार का बे?" भगवानरावांचा आवाज चढला आणि मग विनवणीवर आला. "बघ की बाबा. खालचं, मधलं, दोघांचं. पहिल्यांदा येतोय."

दोन चहा झाले, तीन फोन झाले. कुणीतरी तिकीट रद्द केलं आणि मधलं खालचं डबल स्लीपर मोकळं झालं. पोरानं "काढू?" विचारायच्या आत भगवानराव "काढ, काढ, काढ!" म्हणत टेबलावर हात आपटत होते. मोबाईलवर तिकीट आलं तेव्हा त्यांनी ते तिथल्या तिथं तिघा अनोळखी माणसांना दाखवलं. "परतीचं बी काढू का?" पोरानं विचारलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. जावई रात्रभर तरी राहील की जेवून उठून जाईल, कुणाला ठाऊक! "राहू दे आत्ता," ते म्हणाले.

दुसरं काम सरस्वतीबाईंनी काढलं. "जावई नारायण आसतोय ह्या महिन्यात. दोघांनी जोडीनं पाया पडावं लागतंय. ध्यानात हाय न्हवं?"

"जेवू घालीन, पोशाख करीन. पाया बिया मी पडणार न्हाई," भगवानरावांनी पाठ फिरवत सांगितलं.

"बघा बाई," सरस्वतीबाई म्हणाल्या आणि पुरणाच्या डाळीकडं वळल्या.

तिसरं काम भगवानरावांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आपण बाटली ओतली म्हणून जावई रुसला, तर आता आपल्याच हातानं बाटली पुढं ठेवायची, म्हणजे तो खूश, असा हिशोब त्यांनी म्हशीच्या धारा काढताना मनाशी पक्का केला होता. जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. उन्हाचं निमित्त करून त्यांनी डोळे सोडून सगळं तोंड उपरण्यानं गुंडाळलं आणि बीडमधल्या एका आडबाजूच्या वाइन शॉपच्या जाळीपुढं जाऊन हळूच म्हणाले, "दारू द्या."

"कंची?" आतून आवाज आला.

"चांगली."

"किती?"

"एका जावयापुरती."

जाळीमागचा माणूस वाकून बघायला लागला आणि मग खदखदून हसला. "आवाज कुठं लपतोय, अध्यक्ष? या, या!"

भगवानरावांनी उपरणं आणखी वर ओढलं. हा रामप्रसाद! गावातलं जे दुकान त्यांनी बंद पाडलं, त्याचाच मालक. आता पळावं की थांबावं, हे ठरेपर्यंत त्यानं आतून स्टूल सरकवलं होतं. "तुमी मला गावातून उठवलं म्हणून बीडात बस्तान बसलं माझं. तुमचा फोटो लावायचा तेवढा राहिलाय. जावयाला पाजायची? मग ही न्या, व्हिस्की. पुण्याची माणसं हीच घेतेत. आन् मी कुणाला सांगणार न्हाई, आईची आण!"

बाटली बाजरीच्या बियाण्याच्या पिशवीत खोल गेली. घरापर्यंतच्या रस्त्यात जितके म्हणून गतिरोधक होते, तितक्या वेळा भगवानरावांनी मोटारसायकलवरून उतरून गाडी हातानं ढकलत नेली. आयुष्यात असली भीती वाटली नव्हती आणि खरं सांगायचं तर असली मजाही आली नव्हती.

ठरल्या सकाळी गाडी आली तेव्हा भगवानराव बीडच्या थांब्यावर उभेच होते. प्रविण उतरला, मागून दीपमाला. "मामा, तुम्ही कशाला आलात? आलो असतो की रिक्षानं," तो म्हणाला आणि चक्क हसला. भगवानराव पाठ करून ठेवलेलं वाक्य विसरून गेले. ते नुसतेच "झोप लागली का, झोप लागली का," असं विचारत राहिले.

अंघोळ, चहा झाला. घरात बायका जमल्या, साखराबाईही आल्या, तळणीचा वास अंगणापर्यंत आला. जेवणाला अजून अवकाश होता. "चला, विहीर दाखवतो," म्हणून भगवानराव जावयाला मळ्यात घेऊन गेले. आंब्याखालच्या छपरात त्यांनी बाज झटकली, भाजलेल्या शेंगा ओतल्या, पिशवीतून बाटली काढली आणि स्टीलचे दोन पेले ताक ओतावं तसे अर्ध्यावर भरले. वरून विहिरीचं पाणी.

"घ्या, जावईबापू."

प्रविण पेल्याकडं बघतच राहिला. एकदा बाटलीकडं, एकदा सासऱ्याकडं. हात काही पुढं येईना. भगवानरावांना वाटलं, वडीलधाऱ्यापुढं लाजतोय बिचारा. त्याची भीड मोडावी म्हणून त्यांनी डोळे मिटले, स्वतःचा पेला उचलला आणि एका दमात घशात ओतला.

आग! घशापासून बेंबीपर्यंत आग! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ठसका काही थांबेना. "आयला... ह्याच्यासाठी... ह्याच्यासाठी लोक बरबाद होतेत?" ते कसेबसे बोलले.

"मामा, हळू, हळू!" प्रविण पाठ चोळत होता. "अहो, मी घेत नाही. कधीच घेतली नाही."

भगवानरावांचा ठसका तिथंच थांबला. "मग ती... गादीखालची?"

"आमच्या चुलत्याची होती. तुमच्या शेजारीच उभे होते ते. लग्नाला आलेल्या वडिलांच्या भावाला चारचौघांत कसा उघडा पाडू?"

"आरं पण मला तरी सांगायचं!"

"तुम्ही विचारलं कुठं, मामा? तुम्ही तर सांगूनच टाकलं."

भगवानरावांना मान वर करवेना. इतकी वर्षं ज्याला पिदाड्या समजलो, तो कोरडा ठणठणीत बसलाय आणि अध्यक्ष तेवढे झिंगलेत! त्यांना रडू येत होतं आणि त्या पहिल्यावहिल्या घोटामुळं हसूही येत होतं. प्रविणनं त्यांना शेंगा चारल्या, विहिरीवर नेऊन चुळा भरायला लावल्या, बाटली पुन्हा बाजरीत पुरली आणि हाताला धरून घरी आणलं.

पाट मांडले होते. रांगोळी, समई, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा. भगवानराव जपून बसले, पण साखराबाईंचं नाक काही साधं नव्हतं. त्या वाढता वाढता थांबल्या.

"वास येतोय," त्या म्हणाल्या. "ह्या घरात दारूचा वास येतोय! कोण प्यालंय?"

ओळीनं बायकांच्या माना वळल्या. सरस्वतीबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. त्यांनी नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, त्यांची नजर धसकून गेली ती सरळ जावयाकडं.

"मी," प्रविण शांतपणे म्हणाला. "मी घेतली थोडी. चुकलं."

"जावई आसलात म्हणून काय झालं? गावाचा नियम हाय," साखराबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी मारुतीपुढं झाडू मारायचा."

"मारतो."

दीपमालाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते भगवानरावांनी बघितलं. जानवशावरचं ते सगळं पुन्हा त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. हाच पोरगा, अशीच खाली मान, असाच दुसऱ्याचा गुन्हा गप्प अंगावर घेतलेला. त्या दिवशी चुलता तोंड दाबून बसला होता आणि आज आपण बसलोय.

ते पाटावरून धडपडत उठले.

"न्हाई!" एवढ्या मोठ्यानं ओरडले की दिवा विझतो की काय असं वाटलं. "जावई पीत न्हाई. कधीच पीत न्हवता. लग्नात मी खोटा आळ घेतला त्याच्यावर. बाटली मी आणली, रामप्रसादकडून, आन् प्यालो बी मीच. एकटाच प्यालो! खोटं वाटत आसंल तर माझ्या तोंडाचा वास घ्या!"

आणि पाया पडणार नाही म्हणणारे भगवानराव बायकोची वाट न बघता जावयापुढं वाकले. रीत म्हणून नुसता हात लावून उठले नाहीत. कपाळ टेकवून तसेच राहिले. "चुकलं माझं, नारायणा," एवढंच त्यांना बोलता आलं.

"मामा, उठा. अहो उठा!" प्रविणनं त्यांना दोन्ही हातांनी वर घेतलं आणि छातीशी धरलं. सरस्वतीबाई एका डोळ्यानं रडत होत्या आणि दुसऱ्यानं नवऱ्याकडं असं बघत होत्या, की पाहुणे गेल्यावर काय होणार ते भगवानरावांना नीट कळलं.

"आन् नियम?" साखराबाईंनी पदराआड हसू दाबत विचारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळी वाडी मारुतीपुढं जमली होती. असा तमाशा कोण सोडणार? अध्यक्ष धोतर खोचून पटांगण झाडत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपणच हाक मारून सांगत होते, "काल प्यालो मी! जावई न्हाई बरं का, मीच!" एवढं खुशीत त्यांना ते सरपंच झाले तेव्हाही कुणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यातून दुसऱ्या झाडूचा आवाज आला. प्रविण, नव्या पोशाखाच्या बाह्या वर सारून, त्यांच्याकडं झाडत येत होता.

"मामा, परतीचं तिकीट काढलं का हो?"

भगवानरावांचा झाडू थांबला. "न्हाई काढलं. काढू का?"

"राहू द्या आत्ता," प्रविण म्हणाला. "मामींनी उद्या आमरस करते म्हणलंय."

भगवानरावांनी झाडू उचलला आणि झाडलेलं पटांगण पुन्हा पहिल्यापासून झाडायला घेतलं.