टीव्हीची काच भरावात

"तांबं दिसलं, लोखंड दिसलं. काच कुठे आहे?" मी पुन्हा विचारलं. रिसायकलिंग युनिटचे मॅनेजर मिश्रा छताकडे बघू लागले.

मुलांनो, टीव्ही विकणाऱ्या कंपनीवर जुन्या टीव्हींच्या विल्हेवाटीचीही जबाबदारी असते. ते काम रिसायकलर करतो आणि कंपनी त्याच्याकडून ते झाल्याचं सर्टिफिकेट विकत घेते. काम खरंच होतं का, हे कंपनीतर्फे तपासायला मी भिवंडीत कोन गावाजवळच्या गोडाऊनमधल्या या युनिटमध्ये गेले होते. डब्यासारख्या जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. ते विषारी. म्हणून ही काच सहसा कोणी घेत नाही.

"मॅडम, काँच तो शेठ ने ही माँगी थी," मिश्रा शेवटी म्हणाले. "पीछे भराव के लिए."

शेठ म्हणजे गोडाऊनचे मालक दामूशेठ. मागे त्यांची सखल भातखाचरं होती. इकडे जमीन उंच करून गोडाऊन बांधायची सगळ्यांनाच घाई. त्यासाठी माती, पाडकामाचं राबिट, मिळेल ते टाकतात. फुकटचा भराव कोणी नाकारत नाही. मी मागे जाऊन पाहिलं, तर खाचरभर काच चकाकत होती. कडेलाच दामूशेठच्या घरची विहीर; ते तिथेच भेटले.

"शेठ, हे पाणी पिता?"

"मंग? तुमच्यासारखा बाटलीतला पिऊ? गोड हाय पानी, चाखून बघा."

"यात शिसं उतरू शकतं. लहान मुलांना ते फार वाईट. घरी कोण आहे?"

"दोन नाती हायेत." त्यांचं हसू गेलं. "मंग उचला ना ती काच. तुमच्याच कंपनीचा माल हाय."

मी तिथूनच बॉसना फोन केला.

"सर्टिफिकेट धातूंवर मिळतं," ते म्हणाले. "काच त्यात धरत नाहीत."

"सर, पण टीव्ही आपलेच होते ना?"

"रिपोर्टमध्ये लिहा. आपण रिसायकलर बदलू."

मी लिहिलं. काच उचलावी, असंही लिहिलं. कंपनीने रिसायकलर बदलला. काम गेल्यावर मिश्रांनी युनिट हलवलं. काच तिथेच राहिली.

विहिरीचं पाणी मी लॅबमध्ये दिलं होतं. त्यात शिसं निघालं, मर्यादेच्या बरंच वर. मी स्वतः जाऊन सांगितलं. दामूशेठनी त्याच दिवशी टँकर मागवला आणि विहिरीवर पत्रा टाकला.

"आतापरेंत पोरींनी पिला, त्याचा काय?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या," एवढंच मला सांगता आलं.

तुम्ही दुकानात जुनी वस्तू परत द्याल, तेव्हा तिचं पुढे काय होतं ते विचारा. उत्तरात फक्त धातूंची नावं आली, तर उरलेलं कुणाच्या दारात जातं, तेही विचारा.