दाराशी ठेवलेलं स्टूल

सायकलच्या दुकानात दाराशी एक स्टूल होतं. ते कशासाठी, हे मला आधी कळलं नाही. रोज ऑफिसला आणि रविवारी टेकडीवर जायला चालेल अशी पहिलीच सायकल हवी, एवढंच मी दुकानदारांना सांगितलं. त्यांनी जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली एक बाहेर काढली.

"उंचीला बसतेय का, चालवून बघा ताई. बरोबरच्यांना इथे बसू द्या."

चक्कर मारायला गेलेलं माणूस सायकल घेऊन परत येईल, याची हमी म्हणून सोबतचं कोणीतरी त्या स्टुलावर बसतं, अशी तिथली रीत.

"मी एकटीच आलेय."

"मग बॅग ठेवून जा."

मी डब्याची बॅग स्टुलावर ठेवली आणि निघाले. चढावर गिअर बदलताना वाटलं, माणूस लांब जातो तो मागे कोणीतरी वाट बघत बसलंय या भरवशावर. ते नसलं, की लांब आणि जवळ सारखंच.

परतताना कोपऱ्यावरून दुकान दिसलं. बॅग रस्त्याकडे तोंड करून बसली होती. मध्ये आडवं येणारं कोणी नव्हतं, तरी मी घंटी वाजवली.