आत्याने काढलेलं वजन

आमची आत्या मेकॅनिक. शर्यतीच्या गाड्या तयार करणं हेच तिचं काम, आणि गॅरेजमध्ये तिला सगळे ‘काटा’ म्हणायचे. कुठलाही पार्ट तळहातावर घेऊन ती वजन सांगायची. घरी एवढा पसारा की बसायचं तर आधी खुर्ची रिकामी करावी लागे, पण गाडीत एखादा फालतू स्क्रूही तिच्या डोळ्यांत खुपायचा.

तिच्या लेकीची, म्हणजे आमच्या ताईची, पहिली शर्यत जवळ आली तसा आत्याला चेव चढला. गाडी हलकी करायला मागची सीट गेली, रेडिओ गेला. मग इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोला लावलेला मुठीएवढा लोखंडी ठोकळा तिच्या नजरेस पडला.

“हा बघ घरजावई! ना हलतो, ना फिरतो. नुसता बसून असतो.”

“कंपनीने उगाच लावलाय का?” मी विचारलं.

“आवाज कमी यावा म्हणून लावतात. गिऱ्हाइकांचे कान नाजूक असतात ना!” म्हणत तिने बोल्ट सोडवलेसुद्धा.

सरावाच्या दिवशी ताईच्या पहिल्या फेऱ्या झकास झाल्या. आत्या ट्रॅकच्या कठड्यापाशी उभी राहून येईल-जाईल त्याला “ती माझी मुलगी” म्हणून सांगत होती. तेवढ्यात लांबच्या वळणावर बॉनेटखालून धूर निघाला आणि पाठोपाठ ज्वाळा. गुडघ्यांमुळे जिना टाळणारी आत्या कठडा ओलांडून धावत सुटली.

ताई कशीबशी बाहेर पडली होती. भुवया तेवढ्या होरपळल्या होत्या. ट्रॅकवरच्या माणसांनी आग विझवली. आत्याने बॉनेटखाली पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ठोकळ्याच्या रिकाम्या जागेशेजारीच टर्बोची तेलाची नळी तडकली होती, आणि तेल तापून लाल झालेल्या टर्बोवर सांडलं होतं. इंजिन जोरात फिरलं की टर्बोला थरथर सुटते. तो ‘न हलणारा’ ठोकळा उलट बाजूने हलून ती थरथर जिरवायचा. तो गेला आणि सगळे हादरे त्या बिचाऱ्या नळीने सोसले.

ताई धापा टाकत जवळ आली. “आई, सॉरी गं. माझंच काहीतरी चुकलं असणार. गाडी तर तू तयार केली होतीस.”

भोवती अख्खं गॅरेज जमलं होतं. मालकाने आत्याला गप्प राहायची खूण केली. तिने लेकीचे दोन्ही हात धरले.

“तुझं काही चुकलं नाही. तो ठोकळा मी काढला. गाडी मी पेटवली.”

ताईने जळलेल्या गाडीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि हळूच आपले हात सोडवून घेतले.